वाजवणाऱ्याचं नावही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या २३ जानेवारीच्या अंकात दिनविशेषात रोमानी गिटारवादक जँगो राइनहार्ट यांची जयंती नोंदवलेली पाहून फार आनंद झाला. मराठवाड्यातल्या दैनिकाला या माणसाची आठवण होते, ही साधी गोष्ट नाही. पण त्या चौकटीत एवढंच होतं की, आगीत दोन बोटं गमावूनही जिद्दीच्या जोरावर तो जगप्रसिद्ध झाला आणि विद्यार्थ्यांनी त्याच्यापासून प्रेरणा घ्यावी. चार ओळींत मावणार तेवढंच येणार, हे मला कळतं. तरी त्या चार ओळींतून जे सुटलं तेच आपल्या भागाच्या जास्त उपयोगाचं आहे, म्हणून हे लांबलेलं पत्र.

मी जन्माने गोंधळी. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत केली, पण कान घडले ते अण्णांच्या आणि चुलत्यांच्या संबळावर. जँगोचं नाव आमच्या घरात पुतण्याने आणलं. तो संभाजीनगरला इंजिनिअरिंगला असताना गिटारच्या नादी लागला होता. सुट्टीत आला तेव्हा त्याने मोबाइलवर ‘मायनर स्विंग’ ऐकवलं. १९३७ सालचं ध्वनिमुद्रण. त्यात ढोल नाही, ड्रम नाही, नुसत्या तारा आणि ताल असा की बसल्या जागी मान डोलायला लागते. तेव्हापासून या माणसाबद्दल मिळेल ते वाचत आणि ऐकत आलो आहे.

जँगोची बोटं तुटली नव्हती. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट भाजून आखडलं, वाकडं झालं. गिटार वाजवणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. तर्जनी आणि मधलं बोट एवढ्या दोन बोटांवर त्याने सगळ्या ताना घेतल्या, पण आखडलेली दोन बोटंही त्याने टाकून दिली नाहीत. स्वरसमूह धरताना वरच्या बारीक तारांवर ती टेकवून तो त्यांच्याकडून जमेल तेवढं काम करून घ्यायचा. चार बोटं असलेला वादक एकाच जागी हात ठेवून आडवा फिरतो. जँगोला तसं जमणार नव्हतं, म्हणून तो तारेच्या लांबीवर खालीवर धावू लागला. त्याच्या ताना एकदम झेप घेतात, उतरताना सगळे बारीक स्वर पायरी पायरीने घेत येतात, मधेच एकच स्वर दोन सप्तकांत एकदम वाजतो. ही सगळी घडण त्या हाताची आहे. आज चारही बोटं धड असलेली पोरं जगभर त्याच्यासारखं वाजवायला बसतात, तेव्हा त्यातली पुष्कळशी दोन बोटांनी वाजवून बघतात.

आग लागली नोव्हेंबर १९२८ मध्ये, पॅरिसच्या कडेला, तो राहायचा त्या चाकाच्या घरात. बायको बेला सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या सिनेमाच्या फिल्मच्या प्लास्टिकची, फुलं करून विकायची. घरात त्या फुलांचा ढीग होता आणि उजेडाला मेणबत्ती. सेल्युलॉइड किती झपाट्याने पेटतं हे जुन्या टुरिंग टॉकीजवाल्यांना विचारावं. हात भाजला, उजवा पायही भाजला. पाय कापावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याने ऐकलं नाही. बरं व्हायला दीड वर्षाच्या आसपास लागलं. भाऊ जोसेफने गिटार आणून दिली आणि अंथरुणावरच त्याने बोटांना नवी वळणं लावली.

दिनविशेषातली गोष्ट इथे सुरू होते. माझं म्हणणं, ती आधीच सुरू झाली होती. आग लागली तेव्हा जँगो अठरा वर्षांचा होता आणि कमावता वादक होता. २३ जानेवारी १९१० ला बेल्जियममधल्या लिबेरशी गावाजवळ मुक्काम पडला असताना तो जन्मला. घराणं मानूश, म्हणजे रोमानी लोकांतली एक शाखा. साधारण हजार वर्षांपूर्वी आपल्या वायव्य भागातून निघून इराण, आर्मेनिया, ग्रीस असं करत युरोपभर पसरलेले हे लोक. त्याचं बालपण पॅरिसच्या वेशीबाहेरच्या पालांवर गेलं. शाळा नाही, अक्षरओळख जवळजवळ नाही. आधी व्हायोलिन हाती आलं, मग बाराव्या वर्षाच्या सुमारास गिटारसारख्या गळ्याचा बँजो. तो घेऊन पोरगा पॅरिसच्या नाचघरांत अॅकॉर्डियन वाजवणाऱ्यांच्या साथीला बसू लागला. आगीच्या थोडंच आधी इंग्लंडचा नामांकित बँडमास्टर जॅक हिल्टन त्याचं वादन ऐकून त्याला आपल्याकडे बोलवत होता. म्हणजे आगीने कलावंत घडवला असं म्हणणं त्याच्या वस्तीवर, त्याच्या वडीलधाऱ्यांवर आणि त्या सहा वर्षांच्या रोजच्या मेहनतीवर अन्याय आहे. हे शिक्षण कुठल्या प्रमाणपत्रावर नाही, म्हणून ते दिसत नाही.

मला ते दिसतं, कारण मी ते पाहिलं आहे. आमच्याकडे संबळ कुणी ‘शिकवत’ नाही. लग्नानंतरचा गोंधळ रात्रभर चालतो. चौक मांडला जातो, दिवटी पेटते, आणि लेकरू तुणतुणं धरून मागे उभं असतं. तुणतुण्याला एकच तार, पण तिची लय पहाटेपर्यंत जराही सुटता कामा नये. ते जमलं की झांज, मग कधीतरी बापाचा हात दुखला की संबळ गळ्यात येतो. एक टिपरी सरळ, एक टोकाला वाकडी, आणि दोन तोंडांतून दोन वेगळे आवाज. अण्णांनी मला बोल सांगितले नाहीत, चुकलं की नुसतं वळून बघायचे. जँगोच्या पालावर हेच चालत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याच्या पंचकात, म्हणजे पाच वादकांच्या संचात, ताल धरणाऱ्या गिटारी ऐकल्या की मला मागे उभं राहिलेलं तुणतुणं आठवतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

१९२८ मध्ये, आगीच्या आधी, जँगोची पहिली ध्वनिमुद्रणं झाली, जाँ व्हेसाद या अॅकॉर्डियनवादकाच्या साथीला. तबकडीवर त्याचं नाव छापलं गेलं ‘जियांगो रेनार’. त्याला स्वतःला नाव लिहिता येत नव्हतं, ऐकणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलं. नाव चुकलं, पण छापलं. साथीला बसलेल्या, निरक्षर, पालावरच्या पोराचं नाव तबकडीवर आलं. आज जवळजवळ शंभर वर्षांनी आपण ती तबकडी कुणाची हे सांगू शकतो, ते एवढ्याच कारणाने.

पुढे १९३४ मध्ये ‘हॉट क्लब द फ्रान्स’ या जॅझप्रेमींच्या संस्थेचं पंचक उभं राहिलं. जँगो, व्हायोलिनवर स्तेफान ग्रॅपेली, ताल धरायला जोसेफ आणि रोजे शापू यांच्या गिटारी, आणि लुई व्होलाचा डबल बास. क्लॅरिज हॉटेलात संध्याकाळच्या नाचाला वाजवताना मधल्या सुट्टीत जँगो आणि ग्रॅपेली पडद्यामागे मिळून वाजवायचे, त्यातून हे जुळलं. सगळ्या तारांचा असा जॅझ तोवर कुणी ऐकला नव्हता. एका कंपनीने तर फारच नवीन वाटतं म्हणून नाकारलं. डिसेंबरात दुसरीने तबकड्या काढल्या आणि युरोपला अमेरिकेबाहेरचा पहिला मोठा जॅझ कलावंत मिळाला.

या सगळ्यात न वाजवणारा एक माणूस होता, शार्ल दलोने. हॉट क्लबच्या मुख्य कार्यकर्त्यांपैकी एक. त्याने १९३६ मध्ये जॅझच्या तबकड्यांची एक सूची छापली. कोणतं गाणं, कोणत्या तारखेला, कुठे मुद्रित झालं, आणि त्या दिवशी प्रत्येक वाद्यावर कोण बसलं होतं. आज सगळीकडे हे करतात, पण त्या काळी नाचाच्या तबकडीवर ताल धरणारा कोण हे विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती. जँगोने शेकडो ध्वनिमुद्रणं केली. आज नांदेडमध्ये बसलेला माझा पुतण्या सांगू शकतो की अमुक तबकडीवर मागची गिटार जोसेफची. ही सोय दोन बोटांच्या जिद्दीतून आलेली नाही. कुणीतरी वही घेऊन बसलं म्हणून आली आहे.

जँगोला स्वरलेखन येत नव्हतं. त्याच्या डोक्यात मोठ्या वाद्यवृंदाच्या रचना असायच्या. तो वाजवून दाखवायचा आणि लिहिता येणारे सोबती, विशेषतः जेरार लेव्हेक नावाचा क्लॅरिनेटवादक, ते कागदावर उतरवायचे. रोमानी लोकांच्या उपासनेसाठी तो एक मोठी रचना करत होता, ती पुरी झाली नाही. आपल्याकडे किती आख्यानं अशी गेली असतील, आणि त्यांच्याजवळ कागद घेऊन बसणारं कुणी नव्हतं, हा विचार मला सुटत नाही.

माझ्या थोरल्या चुलत्यांचा संबळ ऐकायला तुळजापूरच्या वाटेवरच्या गावांतून माणसं यायची. कॅसेटचा जमाना होता तेव्हा देवीच्या गाण्यांची एक कॅसेट निघाली. दोन्ही बाजूंना संबळ त्यांचा. कव्हरवर देवीचं चित्र, गायकाचं नाव, कंपनीचं नाव आणि खाली ‘आणि साथीदार’. मुद्रणाच्या दिवशी हातात दिलेली रक्कम तेवढीच, त्यापुढे काही नाही. चुलते वारले. आज ती गाणी मोबाइलवर मिळतात, लोक नवरात्रात लावतात, मला पाठवतातही, आणि त्यावर चुलत्यांचं नाव कुठेही नाही. आमच्या घरातली माणसं आहेत तोवर हा हात कुणाचा ते सांगता येईल. त्यानंतर नाही.

आणि हे त्या कलेच्या बाबतीत होतं जिच्यात करपल्लवी आहे. आपल्या तरुण वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. गर्दीतला कुणी एका गोंधळ्याच्या कानात आपलं नाव सांगतो. तो तोंड न उघडता बोटांच्या खुणांनी ते दुसऱ्या गोंधळ्याला कळवतो आणि दुसरा ते नाव खणखणीत आवाजात सांगतो. अनोळखी माणसाचं नाव बोटांवर नेणारे आमचे लोक, त्यांचं स्वतःचं नाव कार्यक्रमपत्रिकेत ‘गोंधळी पथक’.

जँगोच्या आयुष्यातला दुसरा सुटलेला भाग युद्धाचा. हा मला सगळ्यात जास्त छळतो. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा पंचक लंडनमध्ये होतं. ग्रॅपेली तिथेच राहिले, जँगो पॅरिसला परतला. १९४० मध्ये जर्मनांनी पॅरिस घेतलं. नाझींच्या लेखी जॅझ हे हलक्या वंशांचं संगीत आणि रोमानी हे संपवून टाकायचे लोक. तरीही त्याच पॅरिसमध्ये जँगोच्या मैफली भरभरून चालल्या, ‘न्युआज’ म्हणजे ‘ढग’ ही त्याची रचना घराघरात गेली, आणि ऐकणाऱ्यांत जर्मन अधिकारीही बसायचे. १९४३ मध्ये त्याने स्वित्झर्लंडला निसटायचा प्रयत्न केला, पकडला गेला, आणि पकडणाऱ्यांतला अधिकारी त्याच्या संगीताचा चाहता निघाला म्हणून सुटला. पुन्हा गेला तर स्विस पहाऱ्याने सरहद्दीवरून परत पाठवला.

त्याचे बाकीचे लोक? फ्रान्समध्ये १९१२ च्या कायद्याने भटक्यांना शरीराची मापं, फोटो आणि बोटांचे ठसे असलेली पुस्तिका जवळ बाळगावी लागायची. तेरा वर्षांच्या लेकरालासुद्धा. गावात येताना दाखवायची, जाताना दाखवायची. एप्रिल १९४० मध्ये फिरण्यावरच बंदी आली, ती फ्रेंच सरकारनेच आणली होती, जर्मन यायच्या आधी. मग काटेरी तारांच्या छावण्या. युद्ध संपल्यावरही त्यातले काही लोक १९४६ पर्यंत आतच होते. नाझींच्या ऑशविट्झ छावणीत २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री उरलेल्या चार हजारांवर रोमानींना, बहुतेक बायका, लेकरं आणि म्हातारी माणसं, विषारी वायूने मारलं. युरोपभर मारल्या गेलेल्यांचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. त्यातल्या कितीजणांच्या हातात व्हायोलिन होतं ते कुणी मोजलेलं नाही. जँगोला त्याच्या नावाने वाचवलं. बाकीच्यांची नावं कुणाला माहीत नव्हती.

आपल्याला हे परकं वाटायला नको. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तोही नोंदणी, हजेरी आणि ठशांवरच चालायचा. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कागद सुटला, नजर सुटली नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या पायथ्याशी आपण सगळे आनंदाने जातो, भटक्यांची कला बघतो, टाळ्या वाजवतो. तेच लोक आपल्या गावाच्या कडेला पालं टाकून आठ दिवस राहिले तर सरपंचाकडे तक्रार जाते. वासुदेव, नंदीबैलवाले, डोंबारी, मसणजोगी, पारधी, प्रत्येकाला हा अनुभव आहे. आम्ही गोंधळी देवीचे म्हणून आमचा थोडा मान राखला जातो, एवढाच फरक.

शेवटची वर्षं थोडक्यात सांगतो. १९४६ मध्ये अमेरिकन जॅझचे मोठे संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांनी त्याला अमेरिकेला बोलावलं, नोव्हेंबरात कार्नेगी हॉलमध्ये वाजवलं, एका रात्री तो फार उशिरा पोचला आणि वर्तमानपत्रांनी तेच धरून ठेवलं. अमेरिकेत त्याचं बस्तान बसलं नाही. १९५१ मध्ये तो सेन नदीकाठच्या सामुआ गावी राहायला गेला, मासे धरायचा, चित्रं काढायचा, बिलियर्ड्स खेळायचा, आणि शेवटच्या दोन वर्षांत विजेच्या गिटारवर अगदी नव्या धाटणीचं वाजवत होता. ही ध्वनिमुद्रणं लोक कमी ऐकतात, जरूर ऐकावीत. १६ मे १९५३ ला स्टेशनवरून घरी परतताना तो मेंदूतल्या रक्तस्रावाने कोसळला. वय त्रेचाळीस. त्या गावात त्याच्या नावाचा मोठा संगीत महोत्सव सुरू झाला, पुढे तो शेजारच्या फाँतेनब्लोत भरू लागला, आणि त्याच्या घराण्यातली, त्याच्या जमातीतली पोरं अजून पालावरच, कानानेच ती विद्या घेतात. ग्रॅपेली मात्र पुढे खूप जगले. १९८४ मध्ये आपल्या एल. सुब्रमण्यम यांच्याबरोबर त्यांनी जोडीने व्हायोलिन वाजवलेली ध्वनिमुद्रिका निघाली. रोमानींची वाट उलट दिशेने एक पाऊल आली, असं मला ती ऐकताना वाटतं.

संपादक महाशय, माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. नवरात्रात आपण तुळजापूरचे आणि माहूरचे गोंधळाचे फोटो पहिल्या पानावर छापता. त्याखाली ‘गोंधळी संबळ वाजवताना’ असं असतं. तिथे त्या माणसाचं नाव आणि गाव छापावं. बातमीदाराला विचारायला अर्धं मिनिट लागतं. सांस्कृतिक कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिकांवर तबलजींचं नाव येतं तसं संबळ, हलगी, चौंडकं वाजवणाऱ्याचं आलं पाहिजे. आपण बातमी देताना ते विचारू लागलात, तर आयोजकही छापू लागतील.

आपल्या भागात नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, अशी विद्यापीठं आहेत. नाट्यशास्त्राची, लोककलेची पोरं तिथे शिकतात. त्यांना दलोनेसारखी वही द्यावी. प्रत्येक विद्यार्थ्याने एका वादकाकडे जायचं, पूर्ण गोंधळ मुद्रित करायचा, पाच मिनिटांचा तुकडा नको. तारीख, गाव, आख्यान कुणाकडून आलं, संबळ कुणाचा, तुणतुणं कुणाचं, सगळं लिहायचं. त्याची एक प्रत त्या घरात ठेवायची. आणि त्या रात्रीची बिदागी द्यायची, कलावंत ती कला जगण्यासाठी करतो म्हणून. आज साध्या मोबाइलवरसुद्धा चांगलं मुद्रण होतं. १९२८ च्या पॅरिसमध्ये जे मेणाच्या तबकडीवर झालं ते आपल्याला न जमायला काही कारण नाही.

औसा, निलंगा, तुळजापूर आणि लोहारा तालुक्यांत मला माहीत असलेल्या जुन्या संबळवादकांची यादी, त्यांना विचारून, या पत्रासोबत जोडली आहे. ती छापण्यासाठी नाही, आपल्या बातमीदारांसाठी आहे. लग्नसराई जोरात सुरू झाली की ही मंडळी गावात सापडत नाहीत, तेव्हा फेब्रुवारीतच जावं. यादीतली वरची दोन नावं फार वयस्कर आहेत, त्यांना आता उभं राहून वाजवणं होत नाही. बसून वाजवतात आणि आख्यान सगळं पाठ आहे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी. सोबत यायला मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, ता. औसा, जि. लातूर